सोमवारी हिंजवडी, रविवारी ताम्हिणी: एकाच गाडीवर दोन्ही कसं जमवायचं

पुण्यात बहुतेकांच्या दारात एकच गाडी असते. आठवडाभर जी स्प्लेंडर, शाइन किंवा पल्सर ऑफिसला नेते-आणते, तीच रविवारी सकाळी घाटात काढायची असते. त्यासाठी दुसरी, मोठी गाडी घ्यावी लागते असं सांगणारे मित्र प्रत्येकाला असतात. त्यांचं ऐकू नका. शंभर सीसीची गाडीही ताम्हिणी आरामात चढते, फक्त घाई करत नाही. सव्वाशे ते एकशे साठ सीसीच्या गाडीला तर दोन्ही कामं सहज झेपतात.

अडचण वेगळीच असते. शहरात गाडी तीस-चाळीसच्या वेगानं चालते आणि दर चौकात थांबते. त्यामुळे सैल पडलेली चेन, झिजलेले मागचे ब्रेक शू, टायरमध्ये कमी झालेली हवा यातलं काहीच जाणवत नाही. घाटातल्या सलग उतारावर मात्र सगळं एकदम समोर येतं. चालवणाऱ्याचंही तेच. पाच दिवस फक्त मागचा ब्रेक दाबत ऑफिस गाठणारा माणूस रविवारी वळणावर आयत्या वेळी पुढचा ब्रेक नीट वापरेल, ही आशा धरण्यात अर्थ नाही. म्हणून या लेखात घाट बऱ्याच उशिरा येतो. आधी गाडी, मग ऑफिसचा रस्ता, मग रविवार.

१. शुक्रवारी रात्री: हवा आणि चेन

गाडी तपासायची ती शुक्रवारी. शनिवारी गॅरेज उघडं असतं, रविवारी सकाळी सहाला नसतं.

हवेपासून सुरुवात करा. किती हवा भरायची हे चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) चिकटवलेल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. सव्वाशेपर्यंतच्या बऱ्याच गाड्यांना एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयच्या आसपास लागते. डबलसीट असाल तर मागे थोडी जास्त. तुमच्या स्टिकरवर जो आकडा असेल तो खरा. पंपावरचा मुलगा न विचारता दोन्ही टायरमध्ये पस्तीस भरून मोकळा होतो, आणि अशी टणक गाडी ओल्या रस्त्यावर घसरायला तयारच असते. हवा थंड टायरमध्ये मोजायची. दहा किलोमीटर चालवून मोजलीत तर आकडा फुगलेला दिसतो. छोटा गेज विकत घेऊन घरी ठेवा, फार महाग मिळत नाही.

आता चेन. हिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडी मेन स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. बंद म्हणजे बंदच. इंजिन चालू ठेवून फिरत्या चाकावर फडकं धरणारे लोक आहेत आणि त्यात बोट गमावलेलेही आहेत. खालच्या बाजूच्या चेनच्या मधोमध बोट लावून ती वर-खाली हलवा. बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर ढिलाई चालते. नेमका आकडा स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. चाक थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणली जात नाही. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल तर तिचे दिवस भरत आले आहेत. ताणायची वेळ आली तर घट्ट जागेवर मोजून ताणा. सैल जागेवर मोजलंत तर घट्ट जागा जास्तच कसली जाईल आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येईल.

ताणताना दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरवरच्या (चेन ताणायच्या स्क्रूजवळच्या) खुणा सारख्या राहिल्या पाहिजेत. एक आटा इकडे जास्त झाला की चाक तिरकं बसतं आणि गाडी एका अंगाला ओढते. शेवटी ॲक्सलचा नट पुन्हा आवळायचा. मागे ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक पॅडलचा खेळही बघून घ्या, चाक मागे सरकलं की तो बदलतो.

साफ करायला रॉकेल किंवा चेन क्लीनर वापरा. पेट्रोल नको, कारण ओ-रिंगवाल्या चेनमधले रबर त्यानं खराब होतात. जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं पुसा, मग ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे चेनच्या आतल्या बाजूनं, चाक हातानं उलटं फिरवत लावा. रात्रभर मुरू द्या. लगेच गाडी काढलीत तर निम्मं तेल रिमवर आणि पँटवर उडतं. साधारण दर पाचशे किलोमीटरला एवढं करावं, पावसाळ्यात त्याहून लवकर. स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या चकतीचे) दात आकड्यासारखे एका बाजूला वळलेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. जुन्या दातांवर नवी चेन चढवली की ती काही महिन्यांतच जुनी होते.

२. ब्रेक, केबल, तेल, कागद

पुढे डिस्क असेल तर कॅलिपरमध्ये (डिस्कला पकडणाऱ्या चिमट्यात) टॉर्च मारून पॅड किती उरलेत ते बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. जुनं, काळपट झालेलं ऑइल लांब उतारावर तापतं आणि ब्रेकचा लिव्हर स्पंजासारखा लागू लागतो. शहरात हे कधीच कळत नाही. मागच्या ड्रमला झीज दाखवणारा बाण असतो. पॅडल दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोचला तर शू बदलायला झालेत.

क्लच केबल लिव्हरच्या टोकाशी तपासा. एक जरी तार सुटलेली दिसली तर केबल बदला. जवळ गॅरेज नसलेल्या रस्त्यांवर नियमित जाणार असाल तर नवी केबल जुन्या केबलच्या बाजूनंच ओवून टाय लावून ठेवता येते. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची.

इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच आणि दुचाकीचंच घाला. चारचाकीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, आणि बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. मग क्लच घसरतो, चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही.

कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असले की पोलिसांना चालतात. फसगत होते ती विम्यात. सप्टेंबर २०१८ नंतर नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे 'आपला विमा आहे' असं वाटत राहतं आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एका वर्षातच संपून गेलेला असतो. पॉलिसी उघडून दोन्ही तारखा एकदा वाचा. पीयूसीची तारीखही तेव्हाच बघा.

३. ऑफिसचा रस्ता

सिंहगड रोड, वारजे किंवा कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्यांना बायपास चुकत नाही. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार हा शहरातला सगळ्यात बेभरवशाचा तुकडा. ट्रकचे ब्रेक निकामी होऊन तिथे अपघात होत आले आहेत. दुचाकीवाल्यानं जिथे सर्व्हिस रोड मिळेल तिथे तोच धरावा. दोन मिनिटं जास्त जातील, जाऊ द्यात. पुढे वाकडचा पूल आणि भूमकर चौक यांत कोंडी ठरलेली. तिथे वेग नसतो, त्यामुळे मोठ्या अपघातापेक्षा आरसे आणि पायाची बोटं सांभाळायची.

गर्दीत तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. पहिली, बस. पीएमपीची बस स्टॉपकडे झुकायला लागली की डाव्या बाजूनं घुसायचं नाही. चालकाच्या आरशात तुम्ही दिसतच नसता, आणि उतरणारा माणूस थेट हँडलसमोर येतो. दुसरी, रिक्षा. तिचा ब्रेक लाइट लागण्याआधी चालकाची मान फुटपाथकडे वळते. त्या मानेवर नजर ठेवा. तिसरी, सिग्नलला थांबणं. थांबल्यावर लगेच न्यूट्रल करून मोबाइल काढायचा नाही. पहिला गिअर, क्लच दाबलेला, डोळा आरशात, असं मागे एखादी गाडी नीट थांबेपर्यंत राहायचं. मागचा थांबला नाही तर निसटायला जागा हवी, म्हणून पुढच्या गाडीच्या अगदी बुडाशी उभं राहू नका.

अंतराचा हिशोब करून बघा. ताशी ५० च्या वेगानं गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. समोरचं कुत्रं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर ब्रेक लागायच्या आधीच एका पीएमपी बसच्या लांबीपेक्षा जास्त रस्ता संपतो. बायपासवर ८० नं जाताना तोच सेकंद २२ मीटरचा असतो.

४. पुढच्या ब्रेकची भीती घालवणं

'पुढचा ब्रेक मारू नकोस, पलटी होशील' हे ज्यांनी शिकवलं, त्यांच्या काळात ड्रम ब्रेक होते आणि रस्ते मातीचे होते. ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं बहुतांश काम पुढचा ब्रेकच करतो. एकटा मागचा दाबला तर चाक लॉक होऊन गाडी शेपटासारखी फिरते.

सराव सोपा आहे. रविवारी पहाटे सोसायटीबाहेरचा सरळ, कोरडा, रिकामा रस्ता धरा. ताशी तीसनं या, दोन बोटं पुढच्या लिव्हरवर, आधी हलका दाब, पुढचे शॉकॲब्जॉर्बर दबले असं वाटलं की दाब वाढवत न्या, आणि मागचा सोबत. झटका द्यायचा नाही, पिळत जायचं. हात बसला की चाळीसनं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक लागताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचा आहे, पण अनेक गाड्यांत तो फक्त पुढच्या चाकाला असतो. मागचं चाक लॉक होतंच. १२५ पर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत फक्त कॉम्बी ब्रेक (एक दाबला की दोन्ही लागतात असा) असतो, आणि कॉम्बी म्हणजे एबीएस नव्हे. आपल्या गाडीला नक्की काय आहे हे माहीत नसलेले लोक मला दर महिन्याला भेटतात.

हाच सराव ऑफिसच्या रस्त्यावर रोज चालू ठेवा. प्रत्येक चौकात दोन्ही ब्रेक. पंधरा दिवसांत हात आपोआप जातो.

५. अंगावर काय घालायचं

हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं, आयएसआय म्हणजे आयएस ४१५१ चा शिक्का असलेलं, डोक्याला घट्ट बसणारं. पट्टा लावून हेल्मेट पुढे-मागे ओढा. कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. काचेवर ओरखडे असतील तर फक्त काच बदला, रात्री समोरच्या हेडलाइटचे तारे दिसायचे थांबतात. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी टाकून द्या.

घाटासाठी जॅकेट आणि हातमोजे घ्या. महागडे नसले तरी चालतील, पण तळहातावर जाड थर हवा. पडताना माणूस सगळ्यात आधी हात टेकतो. चप्पल घालून घाटात जाऊ नका, एवढंच.

रेनकोट दोन भागांचा, एक माप मोठा, पिवळा किंवा नारिंगी. काळा रेनकोट घालून काळ्या ढगाखाली काळ्या डांबरावर चालणाऱ्या माणसाला टँकरवाल्यानं कसं ओळखायचं? लॅपटॉप आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत. बॅगेचं कव्हर वरून येणारं पाणी अडवतं, पाठीवरून ओघळून आत येणारं नाही.

६. पहिला रविवार: ताम्हिणी

पहिल्या फेरीसाठी ताम्हिणीच का? कारण हा रस्ता टप्प्याटप्प्यानं अवघड होत जातो. चांदणी चौकातून भूगाव, मग पिरंगुटचा छोटा घाट, तिथे हात मोकळा होतो. पिरंगुटला कारखान्यांचे ट्रक असतात, शांतपणे पार करा. पौडला टाकी भरून घ्या, पुढे घाटात पेट्रोलचा भरवसा धरू नये. मुळशी धरणाच्या कडेकडेनं रस्ता वळणं घेत जातो, आणि खरा घाट त्यानंतर. घाट उतरून विळे, निजामपूर करत माणगावला पोचता येतं, पण पहिल्या वेळी घाटमाथ्यावरून परत फिरलात तरी दिवस वाया जात नाही.

सकाळी सहाला निघा. नऊपर्यंत तुम्ही वर असता आणि चारचाक्या अजून भूगावातच अडकलेल्या असतात. परतीला दुपारी दोनच्या आत मुळशी सोडा. संध्याकाळी पिरंगुट ते चांदणी चौक हा रस्ता रस्ता राहत नाही. निघण्याआधी नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा आणि घरी परतायची वेळ सांगून जा, वरच्या भागात मोबाइलला रेंज धड मिळत नाही.

पावसाळ्यात अजून एक काम. पुणे जिल्हा प्रशासन धबधब्यांच्या ठिकाणी मनाई आदेश काढतं, वरंधासारखे घाट तर दरडींमुळे वाहतुकीलाच बंद होतात. आदल्या रात्री बातमी बघा. आणि ज्यांना मुंबईकडे जायचंय त्यांच्यासाठी: द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, जुना महामार्गच धरायचा. मुंबईत पोचल्यावर सागरी सेतू, अटल सेतू आणि पूर्व मुक्त मार्गावरही दुचाकी चालत नाही. नकाशात दुचाकीचं चिन्ह निवडलं नाही तर तो सरळ तिकडे नेऊन उभं करतो.

७. घाटात हात-पाय कसे चालवायचे

वळणाआधी वेग कमी, वळणात वेग स्थिर, वळण उघडलं की वेग वाढवा. ब्रेक आणि गिअर ही दोन्ही कामं गाडी सरळ असतानाच संपवायची. वाकलेल्या गाडीला पुढचा ब्रेक जोरात लागला की चाक निसटतं. वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटलाच तर मागचा ब्रेक हलका धरा आणि नजर वळणाच्या शेवटी ठेवा. कठड्याकडे बघाल तर गाडी कठड्याकडेच जाईल.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये उतरा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक थंड राहतात. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे दिसतील. त्यांच्यापासून लांब राहा. स्कूटरवाल्यांनी जास्त सांभाळावं. स्कूटर इंजिनावर फारशी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, म्हणून उतारावर मध्ये थांबून ते निवू द्या. लिव्हर हँडलला टेकायला लागला किंवा जळका वास आला तर लगेच बाजूला घ्या.

आंधळ्या वळणावर आपल्या लेनच्या डाव्या अर्ध्यातच राहा आणि हॉर्न द्या. समोरून येणारी एसटी वळण घेताना तुमच्या बाजूला येणारच, तिची लांबीच तेवढी असते. अरुंद ठिकाणी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमही आहे आणि रीतही.

पावसात ताम्हिणीत डोंगरातलं पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं. ते बहुतेकदा वळणाच्या आतल्या बाजूनं येतं आणि सोबत बारीक खडी आणतं. दुरून तो फक्त ओला डाग दिसतो. गाडी सरळ ठेवून, ॲक्सिलरेटर न पिळता, ब्रेक न लावता पार करा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं ओली असली की त्यांवर वळायचं नाही. पहिल्या पावसाचे दोन दिवस तर घाट टाळाच, उन्हाळाभर सांडलेलं तेल तेव्हा वर आलेलं असतं. धुक्यात लो बीम. हाय बीम लावलात तर समोर पांढरा पडदाच उभा राहतो. धबधब्यापाशी दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात आणि त्यांचे दरवाजे न बघता उघडतात, तिथे वीसच्या वर जाऊ नका.

८. डबलसीट आणि टोळी

मागे कुणी बसणार असेल तर मागच्या टायरची हवा आणि मागच्या शॉकॲब्जॉर्बरची सेटिंग वाढवा. मागच्यालाही हेल्मेट. 'वळणावर माझ्यासोबत वाक, उलट्या बाजूला झुकू नकोस' एवढं निघताना सांगून ठेवा. ब्रेक लवकर सुरू करा, वजन वाढल्यावर गाडी थांबायला जास्त जागा घेते. चार वर्षांखालचं मूल असेल तर बेल्ट, हेल्मेट आणि ताशी चाळीसची मर्यादा कायद्यातच आहे. घाटात त्याला न नेलेलंच बरं.

चौघांपेक्षा जास्त जण निघालात की मजा कमी आणि हजेरी घेणं जास्त होतं. थांबायची ठिकाणं आधीच ठरवा: पौड, मग धरणाजवळची टपरी, मग घाटमाथा. मागे पडलेल्यानं धावत गाठायचं नाही, पुढच्यांनी थांबायचं. सगळ्यात नवखा दुसऱ्या नंबरवर आणि सगळ्यात जाणता शेवटी, हत्यारं त्याच्याकडे. त्या पिशवीत पाने, प्लायर, जास्तीचा स्पार्क प्लग, ट्यूबलेस पंक्चर किट, छोटा पंप, इन्सुलेशन टेप आणि चार केबल टाय असावेत. ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला आणि हवा टिकून असेल तर खिळा उपटू नका, तसंच हळू पंक्चरवाल्यापर्यंत जा.

कुणी पडलंच तर आधी मागून येणारी वाहतूक थांबवा, मग १०८ किंवा ११२. बेशुद्ध माणसाचं हेल्मेट ओढून काढायचं नाही. श्वास अडत असेल तरच, एकानं मान धरून आणि दुसऱ्यानं हळू. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवून ठेवतात ही भीती सोडा, २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यातच त्याला संरक्षण आहे.

९. परत आल्यावर

दमून आलेलो असतो, पण चेनला तेल लावायची हीच वेळ. ती गरम असते, तेल आत शिरतं आणि रात्रभर मुरतं. टायर फिरवून खडे आणि काचा काढा. मडगार्डच्या आतला चिखल साध्या पाण्यानं सोडवा. प्रेशरची धार चाकांच्या बेअरिंगवर आणि चेनवर मारू नका. सोमवारी घराबाहेर पडल्यावर पहिल्या गल्लीतच दोन्ही ब्रेक दोनदा हलके दाबून बघा. धुतलेल्या गाडीचे शू ओले राहिले असतील तर ते भूमकर चौकाच्या आधी कळलेलं बरं.